आधी डबा घ्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी आपणहून बोलत नाही. बोलायला लागले की घरातले एकेक करून उठून जातात. प्रश्न नेहमीचाच आहे. लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या सत्यनारायणाला विचारतात, परवा रक्त तपासायला गेले तर नमुना घेणाऱ्या मुलीनेही सुई टोचता टोचता विचारला : काकू, कॅमेरा कुठला घेऊ?

माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. मी म्हणते, आधी डबा घ्या.

डबा म्हणजे डबाच. घट्ट झाकणाचा, झाकणाला रबराची कड असलेला, ज्यात आपण वर्षाचे पापड-कुरडया ठेवतो तसला. ठाण्यात राहून कॅमेरा पाळायचा तर पहिली खरेदी ही. मी चरईत राहते, जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओल लागते, बरणीतलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी लव धरते. चपलांवर धरते ती लेन्सवर धरणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

पहिला कॅमेरा घेतला २०११ साली, दिवाळीच्या बोनसातून. निकॉन डी३१००. तो आदल्याच वर्षी बाजारात आला होता, १४ मेगापिक्सेलचा, सोबत १८-५५ एमएमची लेन्स (हा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ येतं). त्याचं इतकं कौतुक की पावसाळा लागल्यावर त्याला कपड्यांच्या कपाटात, पैठणीच्या शेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात निजवला. डांबराच्या गोळ्या नाहीतर कापूर असेल तिथे कॅमेरा ठेवू नका, असं त्याच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण मिक्सरचं पुस्तक आपण कधी वाचलं होतं, म्हणून कॅमेऱ्याचं वाचणार?

गणपतीत बाहेर काढला. आरतीचे फोटो धुरकट आले. मी म्हटलं, धूप जास्त झाला. नवरात्रातही धुरकटच आले तेव्हा मात्र लोकल पकडून फोर्ट गाठलं. बोरा बाजारात, एका जिन्याखाली जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत दुरुस्तीवाला होता. त्याने लेन्स काढली, मागून टॉर्च मारला आणि मला म्हणाला, "बघा." काचेच्या आत, कडेपासून मधोमध सरकत गेलेले, केसाहून बारीक असे पांढरे धागे होते. एका बिंदूतून फुटून पसरलेले, खिडकीच्या कोपऱ्यात कोळी विणतो तसे. इतकं देखणं होतं की क्षणभर वाटलं, याचाच फोटो काढावा. कशाने काढणार, ते सोडा.

"कपड्यांत ठेवता ना?"

"हो."

"साड्या वर्षातून एकदा उन्हाला काढता, मॅडम. याला कधी काढलं?"

त्याने लेन्स उघडून पुसून दिली, पण दोन ठिपके राहिलेच. बुरशी काचेवर वाढते आणि तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. एकदा लेप खाल्ला गेला की पुसण्यासारखं काही उरत नाही.

तेव्हापासून डबा. आत पाव किलो सिलिका जेल, जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की जाड बुडाच्या जुन्या कढईत मंद आचेवर परतायचे, रव्यासारखे, पुन्हा निळे होईपर्यंत. ती कढई स्वयंपाकातून कायमची बाद करा, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ टाकायचं. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत असला की झालं. आता माझ्याकडे विजेवरचं कोरडं कपाट आहे, पण डबा अजून वापरात आहे. तो कुठे, ते पुढे येईल.

डब्याचं झालं. आता कॅमेरा. इथे मी उलट विचारते : कुठला फोटो तुम्हाला काढता आला नाही? नावानिशी सांगा. "क्वालिटी पाहिजे" हे उत्तर धरत नाही.

हा प्रश्न मी पैसे भरून शिकले. कॅमेरा घेतल्यावर चार महिन्यांत सगळे सांगायला लागले, फिफ्टी घे, फिफ्टीशिवाय मजा नाही. घेतली. ५० एमएम, एफ १.८, जुन्या डी जातीची, कोणाचीतरी वापरलेली, साडेचार हजारांना. घरी आणून कॅमेऱ्याला लावली तर पडद्यावर तीन अक्षरं लुकलुकायला लागली : एफ, ई, ई. फी! दुकानदाराला दिले ते दिले, आता हा वर फी मागतोय. दोन तास डोकं फोडल्यावर कळलं की या लेन्सच्या अंगावर उजेड आत घेणारं छिद्र लहानमोठं करायची एक कडी असते, ती बाविसाच्या आकड्यावर नेऊन कुलूप लावायचं. लावलं. अक्षरं गेली. पण फोकस काही होईना. बटण दाबलं की कॅमेरा गप्प.

त्याचं कारण साधं आहे आणि तुमचे पैसे वाचवणारं आहे. या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. कॅमेऱ्याच्या पोटातली मोटर एका स्क्रूने तिला फिरवते. डी३१०० सारख्या नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांत ती मोटरच दिलेली नाही. लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडाशी बघा : धातूच्या गोल कडीत स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी चिमुकली पट्टी दिसली तर मोटर आहे, नाही दिसली तर नाही. माझ्याकडे नव्हती. एक दुसरी फिफ्टी होती, जी जातीची, स्वतःची मोटर असलेली, थोडी महाग. तिच्याबद्दल मला कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही, साडेचार हजार ऐकूनच हुरळले होते.

परत करायला लाज वाटली. मग हातानेच फोकस करायला शिकले. दृश्य दिसतं त्या खिडकीत खाली कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, फोकस जुळला की तो स्थिर होतो. माणूस हललं की आपणही तेवढंच पुढेमागे डोलायचं. भाचीच्या बारशाला मी अशी डोलत होते की वहिनीने विचारलं, चक्कर येतेय का? त्या दिवशी ऐंशीएक फोटो वाया गेले. एक निघाला. आत्याबाई बाळाच्या कानात कुर्र करतायत, कुंचीची जर आणि आत्याबाईंची नथ तेवढी लखलखीत, बाकी सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात अजून आहे.

त्या सुमारास मी एक खोड लावून घेतली. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावरून, हुकलेले फोटो लिहायचे. काय हुकलं, का हुकलं. दोन वर्षांत चाळीसच्या वर नोंदी झाल्या. कारणांच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा "उशिरा उठले" आहे. त्याखालोखाल "हात हलला" आणि "समोर मुंडी आली". कॅमेऱ्याचा दोष म्हणता येईल अशा नोंदी सहा निघाल्या. पण त्या सहापैकी चार एकाच दिवसाच्या होत्या : पाडव्याच्या.

पाडव्याची स्वागतयात्रा ज्यांनी कौपिनेश्वराच्या अंगणातून निघताना पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पालखी, लेझीम, फेटे बांधून बुलेटवर बसलेल्या मुली. एक चेहरा समोर दोन सेकंद असतो. ढोलावरचं टिपरू गोठवायचं तर शटरचा वेग चढवायचा, लगेच सावलीतल्या पालखीसाठी उतरवायचा, मध्येच छिद्र बदलायचं. डी३१०० ला या सगळ्यासाठी चाक एकच. छिद्र बदलायचं तर एक बटण दाबून धरून तेच चाक फिरवा. मी बटण शोधेपर्यंत ढोलपथक तलावपाळीच्या वळणावर. शिवाय फोकसचे बिंदू अकरा, तेही मधोमध गर्दी करून, आणि सेकंदाला तीन फोटो.

म्हणून २०१६ मध्ये डी७२०० घेतला. दोन चाकं, अंगठ्याला एक, तर्जनीला एक. फोकसचे बिंदू ५१, सेकंदाला सहा फोटो. मेगापिक्सेल २४, पण ते मला कधी कामाला आले नाहीत. ए-थ्रीएवढं छापायलाही मला आधीचे पुरत होते. आणि त्याच्या तोंडाशी ती चिमुकली पट्टी होती. घरी आल्या आल्या फिफ्टी लावली, बटण अर्धं दाबलं, आणि चार वर्षं मुकी असलेली लेन्स खर्र खर्र करत बोलली. नवरा आतून म्हणाला, काय मोडलंस?

फ्लेमिंगोंची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे बरेच जण फसतात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. ऐरोलीहून बोटी सुटायला लागल्यापासून ठाण्यात मोठ्या लेन्सचं पीक आलं. माझी ७०-३०० ची लेन्स कमी पडते असं मलाही वाटायला लागलं. फोटोत गुलाबी रेघ तेवढी दिसे. विकत घेण्याआधी सुबुद्धी सुचली आणि दोन दिवसांसाठी २००-५०० भाड्याने आणली. लेन्सचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. पाटा-वरवंट्यातला वरवंटा गळ्यात बांधून बोटीत बसल्यासारखं. पक्षी भरपूर होते, चौकट भरून येत होती. घरी येऊन संगणकावर उघडले तर एकही फोटो धारदार नाही. पिसं सगळी पाण्यात बुडवून काढल्यासारखी थरथरलेली.

दोष लेन्सचा नव्हता. आम्ही गेलो होतो पौर्णिमेला, साडेअकराला. तापलेल्या चिखलावरून आणि पाण्यावरून हवा लहरत वर चढते आणि दूरवरचं सगळं थरथरतं. लेन्स जितकी लांबची तितकी ती थरथरही मोठी करून दाखवते. बोटवाला दादा कोळी होता. तो म्हणाला, "ताई, पंचांग बघून यायचं." कोळ्यांचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची ढोबळ वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. द्वादशीला नऊ. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोचतं. ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात आणि उथळ खाडीत बोट पुढे जात नाही. पाणी चढायला लागलं की चिखल बुडतो आणि पक्षी उरलेल्या कडेला दाटीने येतात. म्हणजे द्वादशीची सकाळ धरली तर आठ-साडेआठला कोवळं ऊन आणि जवळ आलेले पक्षी, दोन्ही हातात. पुढच्या द्वादशीला ७०-३०० घेऊनच गेले. चोचीचा गडद लाल रंग आला, पिल्लांचा करडा आला. २००-५०० च्या पैशांत घराचे पडदे आणि गीझर झाला.

आता मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचं, कारण तेही विचारणारच. (माझ्यासारखे आरशाचे, ते डीएसएलआर.) निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८ मध्ये फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे, मिररलेस काढले आणि त्यानंतर सगळा जोर तिकडेच आहे. नवाकोरा घ्यायचा असेल तर मिररलेसच घ्या, जुन्याच्या प्रेमात पडायचं कारण नाही. पैसे कमी असतील तर लोक डीएसएलआर विकतायत, वापरलेला घ्या, पण शटर किती वेळा पडलंय ते विचारा (डी७२०० चं दीड लाखांपर्यंत तपासलेलं असतं) आणि लेन्समध्ये मागून टॉर्च मारून बघा. काय शोधायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. मी स्वतः बदलणार नाही. माझ्या जुन्या लेन्ससाठी निकॉनने जो अडॅप्टर काढला, त्यात फोकसची मोटर नाही. माझी फिफ्टी परत मुकी होईल.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा गेल्या महिन्यात असाच आला. पहिली नोकरी, ऐंशी हजार बाजूला टाकलेले, फुल फ्रेम हवा. मी त्याला जुना डी३१०० दिला, ठिपकेवाल्या लेन्ससकट, त्याच डब्यात घालून. म्हटलं, महिनाभर वापर आणि हुकलेला फोटो दाखव.

रविवारी आला. फोटो त्याच्या आजीचे होते, सगळे स्वयंपाकघरातले, संध्याकाळचे. आजी भाकरी थापतेय. परात स्पष्ट, भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, आणि आजीच्या हातांच्या जागी नुसता तपकिरी धूर. "काकू, हात येतच नाहीत," म्हणाला. मी आकडे बघितले : शटर सेकंदाचा आठवा भाग, छिद्राचा आकडा साडेचार (आकडा लहान तितकं छिद्र मोठं). आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० वर, तिकडूनही फारसा वाव नाही. म्हटलं, अरे, ३५ एमएम, एफ १.८ घे, स्वतःच्या मोटरची. तिच्यातून सहापट उजेड येईल, शटर पन्नासाव्या भागावर जाईल, परातीवरून हात उचलायच्या क्षणी दाबलंस तर हात येतील. तुझ्या ऐंशी हजारांना धक्काही लागणार नाही. तो जरा हिरमुसला. फुल फ्रेमची पत्रकं खिशातून डोकावत होती. "बघतो," म्हणाला, आणि डबा टेबलावर ठेवला.

मी झाकण उघडलं. दाणे पार गुलाबी झाले होते. त्याला म्हटलं बस जरा, आणि कढई गॅसवर ठेवली.