टीएसएच वाढले म्हणजे नेमके काय वाढले?

काही महिन्यांपूर्वी सततचा थकवा आणि कारण नसताना वाढणारे वजन यांमुळे मला रक्ततपासणी करावी लागली, आणि अहवालात टीएसएचसमोर 9.4 हा आकडा ठळक अक्षरांत, वर जाणारा बाण घेऊन आला. प्रमाण मर्यादा शेजारीच छापलेली होती, साधारण 0.4 ते 4. थायरॉइडच्या तपासणीतला आकडा वाढला, म्हणजे ही ग्रंथी जास्त काम करत आहे, असा सरळ हिशेब मी केला आणि दोन दिवस तोच धरून बसलो. डॉक्टरांनी तो एका वाक्यात उलटा केला. हा आकडा थायरॉइडचा नाहीच, थायरॉइडकडे काम मागणाऱ्या ग्रंथीचा आहे, आणि तो वाढला आहे याचा अर्थ मागितलेले काम पुरेसे होत नाही.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चेतवणारे संप्रेरक (हार्मोन), पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत तयार होते. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका खोबणीत बसलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि तिचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. गळ्यात श्वासनलिकेच्या पुढे असलेल्या थायरॉइडचे, म्हणजे अवटू ग्रंथीचे, वजन त्याच्या कितीतरी पट, सुमारे वीस ग्रॅम असते, तरीही थायरॉइडने किती स्राव सोडायचा हे ठरते ते वरच्या या वाटाण्यावरून. पीयूषिकेला पूर्वी सर्व ग्रंथींची स्वामिनी म्हणत. ते पूर्णपणे खरे नाही, कारण तिच्यावरही हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग लक्ष ठेवून असतो. तिथून निघणारे टीआरएच हे रसायन अगदी छोट्या, खास रक्तवाहिन्यांतून थेट पीयूषिकेत उतरते. अवघ्या तीन अमिनो आम्लांच्या या रेणूची रचना 1969 मध्ये रॉजर गिलमॅन आणि अँड्र्यू शॅली यांच्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गटांनी उलगडली, आणि 1977 च्या नोबेल पारितोषिकात दोघांनाही वाटा मिळाला. त्याच पारितोषिकाच्या तिसऱ्या मानकरी रोझलिन यॅलो होत्या. रक्तातील अत्यल्प संप्रेरके मोजण्याची पद्धत त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासह घडवली नसती, तर माझ्या अहवालावर छापायला आकडाच नसता.

शरीराचा एक अवयव दूरच्या दुसऱ्या अवयवाला मज्जातंतूंशिवाय काही कळवू शकतो, ही कल्पना तशी फार जुनी नाही. जठरातील आम्ल अन्नासोबत लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड पाचकरस सोडते, हे ठाऊक होते, पण त्यामागे मज्जातंतूंचाच हात असावा, असे इव्हान पावलोव्ह यांच्यासारख्या दिग्गजांचे मत होते. लंडनमध्ये 1902 च्या जानेवारीत विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी (बेलिस हे स्टार्लिंग यांच्या बहिणीचे यजमान) भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा मज्जातंतूंपासून तोडला, केवळ रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या आणि त्या तुकड्यात आम्ल घातले. स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून आणि गाळून तो अर्क शिरेत टोचला, तेव्हाही रस वाहिला. निरोप रक्तातून गेला होता, याहून स्वच्छ पुरावा मागण्याचे कारण उरले नाही. त्या पदार्थाला सिक्रेटिन हे नाव मिळाले, आणि 1905 मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सर्व पदार्थांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. चेतवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो आला आहे. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही त्याच अर्थाच्या मागे गेला आणि त्याची अडचणही त्याने सोबत घेतली, कारण सोमॅटोस्टॅटिनसारख्या काही संप्रेरकांचे काम चेतवण्याचे नसून थोपवण्याचे असते.

रक्त सगळीकडे फिरते, म्हणजे टीएसएचही हाताच्या बोटांपासून यकृतापर्यंत सगळीकडे पोहोचते. तरीही त्याचे मुख्य काम थायरॉइडमध्येच होते, कारण त्याला ओळखणारे ग्राही रेणू प्रामुख्याने तिथल्या पेशींवर असतात. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिच्या दृष्टीने ते संप्रेरक जवळून जाऊनही नसल्यासारखेच असते. हे ग्राही समोर कोण आले आहे याची चौकशी करत नाहीत, बसणारा रेणू बसला की ते कामाला लागतात. ग्रेव्हज या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे (अँटिबॉडी) टीएसएचच्या ग्राहीवर जाऊन बसतात आणि थायरॉइड जोमाने स्रवत राहते. पीयूषिका आपली मागणी जवळजवळ बंद करते, टीएसएच शून्यापर्यंत उतरते, पण थायरॉइडला त्याचा पत्ता नसतो.

टीएसएच पेशीच्या बाहेरच थांबते आणि आतला संदेश दुसऱ्या रेणूंकरवी पुढे जातो. थायरॉइडची स्वतःची संप्रेरके मात्र पेशीत शिरतात, केंद्रकातील ग्राहींना चिकटतात आणि कोणत्या जनुकांचे काम वाढावे, कोणत्यांचे कमी व्हावे हे बदलतात. नवीन प्रथिने तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यांचा परिणाम संथपणे दिसतो. थायरॉइड मुख्यत्वे थायरॉक्सिन सोडते, ज्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. ऊतींमध्ये त्यातला एक अणू काढला जातो, आणि उरलेले तीन अणूंचे रूप खरे कार्यक्षम ठरते. रक्तातील थायरॉक्सिनचा 99 टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना बांधलेला असतो. पेशींना उपयोगी पडतो तो उरलेला किंचितसा मुक्त अंश, आणि पीयूषिकेचे लक्षही त्यावरच असते. हा मुक्त अंश निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते कित्येक पटींनी चढते. थायरॉइडमधील बारीक घट थायरॉक्सिनच्या आकड्यात दिसण्याआधी टीएसएचमध्ये दिसते, ती यामुळेच.

ही मागणी दीर्घकाळ अपुरी राहिली तर ग्रंथीचा आकारच बदलतो. आहारात आयोडीन कमी पडले की थायरॉक्सिन पुरेसे तयार होत नाही, टीएसएच चढत जाते, आणि त्याच्या सततच्या रेट्याखाली ग्रंथी वाढते. गलगंड म्हणतात तो हा. कच्चा मालच नसल्याने वाढलेल्या ग्रंथीचाही फारसा उपयोग होत नाही. माझ्या बाबतीत आयोडीनची कमतरता नव्हती. हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला, रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटण्याचा विकार त्यामागे निघाला.

थायरॉक्सिनच्या गोळ्या सुरू झाल्यावर पुन्हा तपासणी सहा आठवड्यांनीच करा, त्याआधी नको, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि ही मुदत मला तेव्हा उगाच लांबवल्यासारखी वाटली. हिशेब मात्र साधा आहे. इन्सुलिनचे रक्तातील अर्धे प्रमाण काही मिनिटांत नाहीसे होते, थायरॉक्सिनला त्यासाठी सुमारे सात दिवस लागतात. रोज तेवढीच मात्रा घेतली तरी पातळी स्थिरावायला अशी पाच आवर्तने जावी लागतात, म्हणजे पाच आठवडे, आणि पीयूषिकेने त्या पातळीशी जुळवून घ्यायला आणखी थोडा अवधी. दहाव्या दिवशी केलेली तपासणी फक्त अर्धवट उत्तर देते.

हे सगळे वाचत गेल्यापासून ‘हार्मोन्स बिघडले आहेत’ हे वाक्य मला सहन होत नाही. कोणते संप्रेरक, कोणत्या ग्रंथीचे, कमी की जास्त आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मोजलेले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते, त्यामुळे सकाळचा निरोगी आकडा रात्री आढळला तर तो आजाराचा संशय निर्माण करतो.

सहा आठवड्यांनी टीएसएच 3.1 वर आले. या वेळी डॉक्टरांनी सोबत मुक्त थायरॉक्सिनही मोजायला लावले होते, आणि त्याचे कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या पहिल्या चुकीच्या अगदी उलट टोकाची होती. क्वचित एखाद्याची पीयूषिकाच निकामी होते. अशा वेळी थायरॉक्सिन घसरलेले असूनही मागणी करणारेच कोणी उरत नाही, आणि अहवालावर टीएसएच मर्यादेच्या आत, कोणत्याही बाणाशिवाय छापून येते.