कान निरोगी, तरीही ठणका

मंगळवारी आमच्या तालुक्याचा बाजार असतो, त्यामुळे कान-नाक-घशाच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. दुपारी पन्नाशीच्या एक बाई मुलाला घेऊन आत आल्या. उजवा कान कित्येक महिने ठणकत होता. पिशवीत कानात घालायच्या औषधाच्या बाटल्या आणि अँटिबायोटिकच्या जुन्या चिठ्ठ्या.

कानात पाहिलं तर पडदा चकचकीत, मळसुद्धा नाही. त्या बाजूच्या दाढा ठीक, जबड्याचा सांधाही दुखत नव्हता.

एकाच बाजूचा कान दुखतोय आणि कानात काहीच सापडत नाही, अशा मोठ्या माणसाचा घसा नीट पाहिल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, हे मी शिकाऊ डॉक्टरांना कायम बजावतो. घशाच्या तळाशी जाणाऱ्या व्हेगस नसेचीच एक फांदी कानाच्या नळीत येते. कान कोरताना काहींना ठसका लागतो, तो तिच्यामुळेच. म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं.

“मावशी, गिळताना ठणका वाढतो का?”

“व्हय की. घास ह्या अंगाला टोचतोय, म्हून मी त्या अंगानं गिळते.”

हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लग्नाच्या आधीपासून चालू होती.

मान चाचपली. उजवीकडे सुपारीएवढी टणक, न दुखणारी गाठ लागली. तोंडात टॉर्च मारला. टॉन्सिलपर्यंत सगळं स्वच्छ. टॉर्चचा उजेड तिथंच संपतो. तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी होते, ती मोलाचीच आहे. पण जिभेच्या मुळामागं, स्वरयंत्राच्या कडेला काय चाललंय ते तिच्यात दिसत नाही.

नाकात बधिरतेचा स्प्रे मारून लवचिक दुर्बीण घातली. दोन्ही स्वरतंतू पांढरेशुभ्र, छान हलत होते. घाईत असतो तर इथंच ‘नॉर्मल’ लिहून मोकळा झालो असतो. पण उजव्या पायरिफॉर्म फोसात, म्हणजे स्वरयंत्राच्या बाजूच्या खाचेत, लाळ साचून राहिली होती. डावीकडे तसं काही नव्हतं. ही खाच एरवी मिटलेली असते. मावशींना ओठ मिटून, नाक दाबून गाल फुगवायला सांगितलं. आधी त्यांना हसू आलं, मग जमलं. खाच उघडली आणि आतल्या भिंतीवर खडबडीत, लालसर जखम दिसली. गाल सैल सोडताच पुन्हा दिसेनाशी झाली. रेकॉर्डिंग मागं नेऊन मी मुलाला ती दाखवली, तेव्हा तो एकदम खाली बसला.

भूल देऊन तुकडा काढला. रिपोर्ट कर्करोगाचाच आला. सीटी स्कॅनमध्ये मूळ जखम दोन सेंटिमीटरच्या आतली होती. तरीही मानेतल्या गाठीत रोग उतरलेला असल्यानं आजार थेट तिसऱ्या टप्प्यात गेला. मला या जागेची चीड येते ती यासाठीच. स्वरतंतूवर बारीकसं काही आलं तरी आवाज बसतो आणि माणूस डॉक्टरकडे धावतो. इथं आवाज शाबूत राहतो, घास दुसऱ्या बाजूनं उतरतो, आणि लसिकावाहिन्यांचं, म्हणजे गाठींकडे द्रव नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, जाळं इतकं दाट की रोग आधीच मानेत पोचतो. अशा पेशंटला “इतके दिवस काय करत होतात?” म्हणून झापणं मला अजिबात पटत नाही. मावशी डॉक्टरकडे गेल्याच होत्या, वारंवार गेल्या होत्या.

“उशीर केला का आम्ही?” मुलानं विचारलंच.

“तुम्ही नाही,” मी म्हणालो. “आणि उपचाराची वेळ गेलेली नाही.”

स्वरयंत्र वाचवायचं म्हणून ऑपरेशनऐवजी किमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, ठरले. शेक सुरू होण्याआधी किडलेल्या दोन दाढा काढून घेतल्या. नंतर काढल्या तर जबड्याची जखम भरेलच असं नाही. मिश्रीची डबी मुलानं घरातून काढून टाकली. मावशींचे शेक आता निम्म्यावर आलेत. घसा सोलवटलाय, जेवण पातळ झालंय, वजन दर आठवड्याला पाहतो. गिळण्याचे व्यायाम मात्र त्या रोज करतात, आणि सून शेजारी बसून मोजते.