मामांच्या लॅपटॉपमधला पप्पी शेवटी पेनड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर घेतला

माझे मामा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत आणि हळदीचा सीझन सुरू झाला की घरी आल्यावर पण पट्ट्यांचा (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशोबांचा) ताळा करत बसतात. वजन, तोलाई, हमाली, अडत, सगळं आधी कच्च्या वहीत आणि मग लॅपटॉपवर. लॅपटॉप जुना आहे, कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, विंडोज सेव्हन. २०१९ च्या पुरात सांगलीवाडीचं घर सोडताना मामींनी जमिनीच्या कागदांच्या पिशवीत तो पण घातला होता, त्यामुळं तो टाकून नवीन घ्या असं त्या घरात कुणी म्हणत नाही, मी पण म्हणणार नाही.

विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले, ब्राउझर उघडायचा म्हणजे तोवर चहा होऊन जायचा, म्हणून दिवाळीत मी त्यांना पेनड्राइव्हवर पप्पी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) करून दिला. बॅरी कॉलर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं २००३ मध्ये सुरू केलेली ही सिस्टीम, आख्खी रॅममध्ये चढते आणि तिथूनच चालते, म्हणून जुन्या मशीनवर पण पळते. मी घेतलेली पप्पीची आवृत्ती, फोसापप६४ ९.५, साधारण चारशे एमबीची आहे, तेवढ्यात हिशोबाला एक्सेलसारखं ग्नुमेरिक पण आलं. मामा खूश होते.

मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं तो जागच्या जागी बंद. परत लाईट आल्यावर बघितलं तर चाळीसेक ओळी गायब, फाईलच नाही. मामांचा फोन आला, "अगं मी सेव्ह केलं होतं की, दोनदा केलं!" आणि खरंच केलं होतं त्यांनी. चूक माझी होती, मी त्यांना सांगितलंच नव्हतं की पेनड्राइव्हवरून चालवताना होम फोल्डरमध्ये सेव्ह केलेली फाईल आधी रॅममध्येच राहते, ती पेनड्राइव्हवर उतरते ती ठराविक वेळानं नाहीतर डेस्कटॉपवरचं सेव्ह दाबल्यावर किंवा मशीन नीट बंद करताना. पेनड्राइव्ह सारखं लिहून लवकर खराब होऊ नये म्हणून असं केलेलं आहे, कारण चांगलंच आहे, पण बॅटरी नसलेल्या लॅपटॉपला आणि आपल्याकडच्या लाईटीला ते चालत नाही. आतल्या हार्ड डिस्कवर पप्पी असला की बदल थेट डिस्कवर लिहिले जातात. म्हणून ठरवलं, रविवारी जाऊन आतच बसवायचा.

आधी वाटलं होतं वीस जीबीचं वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करू. पार्टिशन करायचं सॉफ्टवेअर जीपार्टेड उघडलं तर चार प्रायमरी पार्टिशन आधीच, शंभर एमबीचं सिस्टीम रिझर्व्ड, सी, डी आणि कंपनीचं रिकव्हरी. डिस्क विभागायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी होतात, पाचवं होत नाही, त्यातलं एखादं उडवावं लागतं. मामा शेजारीच खुर्ची घेऊन बसलेले, डी मध्ये त्यांच्या दहा वर्षांच्या फाईली आणि ताईच्या लग्नाचे फोटो, आणि स्क्रीनवर त्या रंगीत पट्ट्या. मी काहीही अप्लाय न करता जीपार्टेड बंद केलं. ज्यांना लिनक्स बसवताना सगळ्यात जास्त भीती वाटते ती ह्याच जागी वाटते आणि ती बरोबर आहे, इथं घाईत एक क्लिक झालं की डेटा गेला.

पण पप्पीला वेगळं पार्टिशन लागतच नाही! फ्रुगल इन्स्टॉल म्हणतात त्याला. एक फोल्डर करायचा आणि आयएसओमधल्या (डाउनलोड केलेल्या पप्पीच्या फाईलमधल्या) मोजक्या फाईली त्यात टाकायच्या, व्हीएमलिनुझ, इनिटआरडी आणि एसएफएसवाल्या, बस. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर पण चालतं. फक्त विंडोज पूर्ण शटडाऊन केलेलं पाहिजे, हायबरनेट करून (चालू काम डिस्कवर तसंच ठेवून, पूर्ण बंद न करता) ठेवलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्समधनं लिहायचं नाही. मामा नुसतं झाकण मिटायचे, म्हणून आधी विंडोज चालू करून नीट बंद केलं, डी मधलं सगळं माझ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतलं (ह्यालाच दोन तास गेले, मामींचं जेवण त्यात झालं) आणि मग पेनड्राइव्हवरून पप्पी चालू करून खालच्या डी च्या आयकॉनवर क्लिक, नवीन फोल्डर, फाईली कॉपी. हे पाच मिनिटांचं काम.

मग पप्पीच्या मेनूमधनं ग्रबफॉरडॉस, म्हणजे मशीन चालू होताना कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारा प्रोग्रॅम. त्यानं पप्पी पण शोधला, विंडोज पण शोधलं आणि चालू होताना दोन्ही दाखवणारा मेनू करून दिला. एक मात्र बघून घ्या, मेनू डॉट एलएसटी ह्या फाईलमध्ये पप्पीच्या ओळीत पीमीडियाच्या (pmedia) पुढं एटीएएचडी (atahd, म्हणजे आतली हार्ड डिस्क) असलं पाहिजे. तिथं यूएसबीफ्लॅश असलं तर पप्पीला वाटतं आपण अजून पेनड्राइव्हवरच आहोत आणि परत तेच, सगळं रॅममध्ये.

पेनड्राइव्ह काढून पहिल्यांदा चालू केला आणि बंद करताना त्यानं सेव्हफाईल विचारली, म्हणजे पप्पीमधले आपले बदल जिथं साठतात ती फाईल. एनटीएफएसवर लिनक्सच्या परमिशन नीट राहत नाहीत म्हणून तिथं सेव्हफोल्डर नाही, सेव्हफाईलच करायची, मी दोन जीबीची केली. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते, नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकल्यावर ते गेले. आणि पट्ट्यांचा फोल्डर सेव्हफाईलमध्ये न ठेवता सरळ डी मध्येच ठेवला, उद्या पप्पी चालू नाही झाला तर विंडोजमधनं तरी उघडेल.

निघताना मी मुद्दाम मामांना दहा ओळी टाकायला लावल्या, सेव्ह केलं, मग अजून दोन टाकल्या आणि लॅपटॉपची वायरच ओढली. मामी ओरडल्या. परत चालू केला, फाईल उघडली, दहाच्या दहा ओळी होत्या. सेव्ह न केलेल्या शेवटच्या दोन तेवढ्या मामांनी कच्च्या वहीतनं बघून परत टाकल्या आणि लगेच कंट्रोल एस दाबलं.