आधी गुंतवळ घेऊन या

"ताई, माझे केस डाय केलेलेत. हायलाइट्स होतील का?"

लातुरात पार्लर चालवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. हा प्रश्न मला गंजगोलाईत भाजी घेताना विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर निलंग्याच्या बसमध्ये मागच्या सीटवरून. विचारणारीचा मोबाइल आधीच पुढे आलेला असतो. त्यात कुणाच्या तरी राखाडी-सोनेरी बटा. आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं, "रविवारी साखरपुडा आहे."

हायलाइट्स म्हणजे मधल्या मधल्या बटा फिकट करणं. होतात. पण त्या फोटोसारखे नाहीत, आणि रविवारपर्यंत तर नाहीच नाही.

कारण रंगावर रंग चढतो, रंगानं रंग उतरत नाही. डायचे कण केसात शिरताना बारीक असतात. आत डायबरोबर कालवलेल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की एकमेकांना धरून मोठे होतात आणि तिथंच राहतात. रेडकू म्हणून गोठ्यात शिरलं, म्हैस होऊन दारात अडकलं, असा प्रकार. त्यावर नुसती फिकट रंगाची ट्यूब लावली तर मुळाशी नवीन उगवलेले दोन बोटं केस तेवढे उजळतात, खाली काळं ते काळंच. म्हणून ब्लीच लागतं. पावडर आणि पेरॉक्साइड एकत्र कालवून, फॉइलमध्ये बट गुंडाळून.

ब्लीच लावलं म्हणजे काळ्यातून थेट सोनेरी निघत नाही. आधी लालसर तपकिरी, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. आमच्या धंद्यात याला लेव्हल म्हणतात, काळा 1 आणि सगळ्यात फिकट 10. तुमच्या फोटोतला राखाडी रंग बसायला केस आधी 9 पर्यंत तरी यावा लागतो. वर्षानुवर्षं काळा डाय लावलेले केस पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा नारिंगीलाच थांबतात. त्या नारिंगीतून छान कॅरॅमल, मधाळ किंवा तांबूस बटा होतात, आणि खरं सांगू, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला त्याच शोभतात. राखाडीचा हट्ट धरायचा तर दोन-तीन बैठका, मधे काही आठवड्यांचं अंतर, आणि केसांत तेवढा जीव हवा.

मी खुर्चीत बसवल्यावर कोणता रंग हवा हे विचारत नाही. आधी विचारते, गेल्या चार वर्षांत काय काय लावलं? बायका हसतात. पण केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. चोवीस इंचांची वेणी असेल तर तिचं टोक चार वर्षांपूर्वीचं असतं. कुणाच्या तरी हळदीच्या आदल्या रात्री घाईत लावलेलं दहा रुपयांचं पाकीट तुम्ही विसरता, टोक विसरत नाही.

"खोटं कशाला बोलू माय, नुसती मेंदी लावते मी."

या 'नुसत्या मेंदी'नं मला जेवढा घाम फोडलाय तेवढा कुठल्याच डायनं नाही. खरी मेंदी केसातल्या केराटिनला धरून बसते, तिचा नारिंगीपणा ब्लीचनंही पुरता हलत नाही. त्यात नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पावडर, मिसळलेली असेल तर ब्लीचनंतर बट हिरवट निघू शकते. 'काळी मेंदी' म्हणून पाकिटात मिळते ती बहुतेकदा मेंदी कमी आणि डायच जास्त. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, पीपीडी म्हणजेच पॅराफेनिलिनडायअमिन, डायमधलंच रसायन, लिहिलेलं सापडेल. आणि काही पावडरींत धातूंचे क्षार असतात, त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. 2016 चा एप्रिल होता. मांजरा धरण कोरडं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, आणि माझ्या पार्लरात दोन घागरी आणि एक प्यायच्या पाण्याचा जार. गिऱ्हाइकांना मी केस घरून धुऊन यायला सांगायचे. अशात मी हायलाइट्सचं काम घ्यायलाच नको होतं. घेतलं, कारण धंदा बसला होता. बाई म्हणाल्या नुसती मेंदी, मी मान डोलावली. दहा मिनिटांत तिसऱ्या फॉइलला हात लावला तर चहाच्या पेल्यासारखी गरम. उघडली तर वाफ आणि विचित्र वास. प्यायचा जार उचलून तसाच त्यांच्या डोक्यावर ओतला. दोन बटा हातात आल्या, ओल्या रबरासारख्या ताणत ताणत तुटल्या. त्या बाई काही बोलल्या नाहीत. फक्त घरी जाताना म्हणाल्या, "ती पावडर माझ्या जाऊबाईनं आणून दिली होती. सासूबाईंना माहीत नाही, म्हणून सांगितलं नाही."

तेव्हापासून मी खोटं बोलणाऱ्या बाईवर रागवत नाही. आपल्याकडं डाय हा कपाटामागं लपवायचा विषय आहे. दार लावून, जुनी ओढणी खांद्यावर टाकून, नवरा बाहेर गेला की उरकायचा. डाय अशासाठी करायचा की कुणाला कळू नये, आणि हायलाइट्स अशासाठी की सगळ्यांना कळावेत. एकाच केसाकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची म्हटल्यावर भानगड होणारच. म्हणून आता प्रश्न विचारताना मी पार्लरमधल्या पोरींना बाहेर पाठवते आणि पडदा ओढते. निम्मी उत्तरं पडद्यानंतर बदलतात.

कामाची पद्धत आता अशी. आधी टेस्ट, तिच्याविषयी शेवटी सांगते. मग बारीक बटा, एकदम जाड पट्टे नाहीत. पेरॉक्साइड 20 व्हॉल्यूमचं, म्हणजे 6 टक्क्यांचं. 40 व्हॉल्यूमनं वेळ वाचतो, केस वाचत नाही. ब्लीच आधी मधल्या लांबीला, जिथं जुना डाय साचलाय, आणि मुळाशी सगळ्यात शेवटी. डोक्याच्या उबेनं मूळ लवकर उजळतं. आधी तिथं लावलं तर वर पिवळं, खाली लाल, अशी भोंगळ पट्टी दिसते. उजळलेल्या बटेला टोनर, म्हणजे नको ती झाक मारणारा हलका रंग, लागतोच. नारिंगी मारायला निळा, पिवळा मारायला जांभळा. टोनर काही आठवड्यांत धुपतो, तेव्हा पुन्हा यावं लागेल हे आधीच सांगते. डाय किंवा टोनर कातडीला सोसतो का ते बघायला थोडी पॅच टेस्ट कानामागं, 48 तास आधी. एवढी वर्षं डाय लावते, मला काही होत नाही, असं म्हणणारीला सुद्धा. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उठते.

नंतरची काळजी लांबलचक सांगत नाही, दोनच गोष्टी. बोअरच्या जड पाण्यानं उजळलेल्या बटा मळकट आणि राठ होतात, शेवटचा तांब्या तरी फिल्टरच्या पाण्याचा घ्या. आणि हळदीला जाताना डोकं बांधा. ब्लीच केलेला केस हळद अशी ओढून घेतो की तुमच्या कॅरॅमलचं पिठलं होतं.

चाळिशीच्या पुढच्या बायकांना मात्र मी स्वतःहून हायलाइट्स सुचवते. काळ्या डायखाली पंधरा दिवसांत पांढरी रेघ दिसते आणि पुन्हा तेच पाकीट. भांगाच्या आजूबाजूला बारीक फिकट बटा असल्या की ती रेघ त्यात मिसळून जाते, डाय महिना-दीड महिना पुढं ढकलता येतो. माझ्या स्वतःच्या डोक्यात तेच आहे. माझ्या आईला ते तीन वर्षं 'उन्हानं केस तांबडे झालेत' असं वाटत होतं, आणि मीही तसंच वाटू दिलं.

आता टेस्ट. पूर्वी मी मागच्या बाजूची छोटी बट कापून मागायचे. आमच्याकडच्या बाया केस कापायला तयार होत नाहीत, म्हणून मी गुंतवळ मागायला लागले. फणीत निघालेला तुमचाच केस, मुळापासून टोकापर्यंत, चार वर्षांच्या हिशेबासकट. वाटीत ब्लीच कालवून त्यात टाकते आणि बघत बसते. तापला, फेसाळला की काम बंद. नाही तापला तर कुठवर उजळतो आणि ओला असताना ताणला की तुटतो का, ते कळतं.

परवा औशाहून एक आजी नातीला घेऊन आल्या. मी म्हटलं, आठवडाभराचं गुंतवळ साठवून आणा, मग बघू. आजी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"अगं माय, भांडेवाली गुंतवळावर वाटी देऊन जाते. तू तर गुंतवळ घेऊन वर पैसेही घ्यायलीस!"