मॅटाडोरचा हौदा: ९ फळ्या, १२ सूत

वडिलांच्या जुन्या मॅटाडोर टेम्पोच्या केबिनचा पत्रा गेल्या महिन्यात उरकला. आता हौद्याची, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाची पाळी.

फाळका (हौद्याचं मागचं दार) उतरवला आणि जुन्या फळ्या उचकटायला घेतल्या. सरळ फिरून निघेल असा एकही बोल्ट नव्हता, सगळे ग्राइंडरने कापले. मधल्या दोन फळ्या तर हातात भुसा होऊन आल्या. २०१९ च्या महापुरात गाडी सांगलीत गावभागातल्या शेडमध्येच होती, त्यामुळे लाकूड पुराने कुजलं असंच मी धरून चाललो होतो. पण खरा घात केला गाळाने. फळी आणि तिच्या खालचं आडवं लोखंडी चॅनेल यांच्यामध्ये बोटभर गाळ बसला होता आणि पुढचा प्रत्येक पावसाळा तो पाणी धरून राहिला. जिथे गाळ नव्हता तिथली फळी आजही ठोकली तर खणखणीत वाजते. केबिनकडच्या कोपऱ्यात, फटीत अडकलेली दोन हळकुंडं मिळाली. वडील या गाडीतून मार्केट यार्डात हळदीची पोती न्यायचे. ती हळकुंडं आईने देवघरात नेऊन ठेवली, मला विचारलंसुद्धा नाही.

मॅटाडोरचं एक बरं आहे. ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, नाही. गाडी जॅकवर घेतली की खाली झोपून चॅनेल खरवडायला ऐसपैस जागा. गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.

"चेकर्ड प्लेट टाक आणि मोकळा हो" हा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला. ३ मिलिमीटरची ही उठावदार नक्षीची लोखंडी प्लेट नक्षी सोडूनच चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते, इंचभर जाडीचं सागवान सोळा-सतरा. वर ओल्या प्लेटवर पाय घसरतो तो वेगळाच. बाभळीची इच्छा होती, बैलगाडीचं लाकूड म्हणून. पण आठ फूट सरळ बाभूळ शोधून दाखवा! शेवटी मिरजेच्या वखारीत पाडलेल्या वाड्याचा कडीपाट (छताच्या लाकडी कड्या आणि फळ्या) मिळाला. जुनं सागवान, रंधा मारला की तोच तेलकट वास. चुंबक फिरवून खिळे काढले, तरी एक आत राहिलाच आणि रंध्याचं पातं गेलं.

आता मुख्य गोष्ट, फटी. ही अक्कल मी विकत घेतली आहे. एका जुन्या जीपच्या ट्रेलरला मे महिन्यात फळ्या घट्ट ठोकून बसवल्या होत्या. जुलैत त्या फुगल्या आणि बाजूचा पत्रा बाहेर ढकलला. सागवान ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत ५.८ टक्क्यांपर्यंत आटतं, म्हणजे ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.२ टक्के. माझ्या ओलावा मोजायच्या मीटरवर एप्रिलमध्ये फळी ८ टक्के दाखवते, शेडमधलं लाकूड पावसाळ्यात १६ पर्यंत जातं. साडेसहा इंची फळी त्यात जवळपास एक सूत (इंचाचा आठवा भाग) फुगणार. हौदा आतून ६० इंच, ९ फळ्या साडेअठ्ठावन्न. उरले १२ सूत. मधल्या आठ फटींना एकेक, दोन्ही कडांना दोन-दोन. मिस्त्रींना हिशोब दाखवला तर म्हणाले, "व्हय, पर कागदाला पाऊस लागत न्हाई." तरी फटीत घालायला एक सुताचे पत्र्याचे तुकडे त्यांनीच कापून आणले.

सालीकडची बाजू वर ठेवली, म्हणजे पावसाळ्यात फळी फुगून वाकलीच तर मधे उंच होईल आणि पाणी साचणार नाही. प्रत्येक चॅनेलवर फळीला तीन सुती दोन बोल्ट. चॅनेलमधलं एक भोक गोल, दुसरं लांबट. दोन्ही गोल ठेवली तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती मधोमध तडकते. फळी आणि चॅनेलच्या मधे टायरच्या ट्यूबची पट्टी घालायचा मोह टाळला. तीही गाळासारखीच पाणी धरते. त्याऐवजी फळ्यांच्या पोटाला आणि कापलेल्या टोकांना बसवण्याआधीच बेल तेल (जवसाचं तेल) पाजलं. टोकं सर्वात जास्त पितात, तीन हात लागले. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. मी ती बादलीत पाण्यात बुडवतो.

सात फळ्या बसल्या. उरलेल्या दोन आणि फाळक्याच्या बिजागऱ्या पुढच्या रविवारी. जुलैत फटी मोजून आकडे टाकतो, मिस्त्रींनाही दाखवायचे आहेत.