सिगार शिकायची तर आधी आपला उन्हाळा समजून घ्या

आमच्याकडची पोरं दुबई-सौदीला कामाला जायला लागल्यापासून सिगार पण गावात यायलीय. सुट्टीवर येताना बॅगेत खजूर, अत्तर, बदाम आणि कुणासाठी तरी सिगारचं एखादं पाकीट. बाहेरून येणाऱ्या माणसाला तसंही २५ सिगार ड्युटी न भरता आणता येतात (नाहीतर १०० सिगारेटी, दोन्ही मिळून नाही), मग ते पाकीट द्यायचं कुणाला तर घरात जो ओढतो त्याला. आणि पुढं मला मेसेज, दादा हे पेटवायचं कसं, याला फिल्टर कुठंय, एका बाजूनं बंद काहून आहे. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं.

पहिलं म्हणजे, तुम्ही तंबाखूला हातच लावत नसाल तर सिगारपासून सुरुवात करू नका. धूर फुफ्फुसात घ्यायचा नसतो म्हणजे धोका नाही असं लई जण समजतात, पण तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, फुफ्फुसाचा पण कॅन्सर सिगारनं होतो हे पक्कं सिद्ध झालेलंय, आणि एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तिकडं आंध्रात श्रीकाकुळमच्या बाजूला बायका चुट्टा (तिकडची गावठी सिगार) उलटा ओढतात, म्हणजे पेटती बाजू तोंडात, तिथं टाळूचा कॅन्सर सापडतो. आपल्याकडं तर गुटख्यानं तोंड उघडेनासं झालेला माणूस प्रत्येक गल्लीत आहे, २०१२ पासून बंदी असून. त्यामुळं हा शौक आहे, महिन्या-दोन महिन्यातून एखादी, असंच धरून चला. रोजची करायची असेल तर माझं ऐकायचं कामच नाही.

आता खरा विषय. इंटरनेटवर सिगारचे जेवढे व्हिडिओ आहेत ते सगळे अशा माणसांचे आहेत ज्यांना मे महिन्यातली परभणी माहीत नाही. सिगार ही पानं आहेत हो, वाळवलेली, ढीग घालून आंबवलेली, पण पानंच. आत भरलेली पानं, त्यावर बांधणीचं एक पान आणि सगळ्यात वर दिसायला देखणं असं गुंडाळलेलं पान. या तिघांना साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा किती कोरडी असते ते ओठांना विचारा. सिगार तशीच कपाटात कपड्याखाली ठेवली तर आठ-दहा दिवसात वरचं पान तडकतं, पेटवली की भराभर जळते, धूर गरम आणि कडू लागतो, आणि माणूस म्हणतो की सिगार हा प्रकारच बेकार आहे. मग जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, हवा ओली, पानं फुगतात, ओढताना जोर लावावा लागतो आणि बुरशी येते.

यासाठी ह्युमिडोर म्हणून लाकडी पेटी मिळते, आतून स्पॅनिश सीडरचं लाकूड लावलेली, दिसायला एकदम झकास. नव्या माणसानं ती घेऊ नये. आपल्या हवेत स्वस्तातली लाकडी पेटी आधी स्वतःच सगळा ओलावा पिऊन घेते आणि झाकण कधी नीट बसत नाही. त्यापेक्षा रबर लावलेला, हवा न जाणारा प्लास्टिकचा डबा घ्या, नवीन, ज्यात आधी लोणचं-मसाला ठेवलेला नाही असा, आणि त्यात बोवेडा कंपनीची ओलावा सांभाळणारी पुडी टाका, ६५ किंवा ६९ टक्केवाली. ही पुडी ओलावा देते पण आणि जास्त झाला तर ओढून घेते पण, त्यामुळं उन्हाळा-पावसाळा दोन्हीला चालते. कडक झाली की बदलायची. काही जण ओला कापूस नाहीतर सफरचंदाची फोड टाकतात, ते करू नका, बुरशीला आमंत्रण आहे.

दुसरी भानगड उष्णतेची. तंबाखूत एक बारीक किडा असतो, त्याची अंडी पानातच असतात आणि पंचवीस डिग्रीच्या वर ती फुटायला लागतात. आपल्याकडं तर घरात पंखा चालू असून पस्तीस असतंय. सिगारवर टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसली की समजायचं, आणि एकीत निघाला की सगळा डबा गेला. ज्यांच्याकडं जुनं माळवदाचं घर आहे त्यांची चैन आहे, आतली खोली चांगली गार असते. बाकी आमच्यासारख्या स्लॅबखालच्या लोकांनी आलेल्या सिगारी दोन झिपच्या पिशव्यात घट्ट बंद करून चार-पाच दिवस फ्रीजरला टाकाव्यात, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर काढून डब्यात. एकदम फ्रीजरमधून उन्हाच्या खोलीत आणल्या तर पान चिरतं. आणि पिशवी उघडी ठेवून फ्रीजमध्ये तर अजिबात नाही, फ्रीज कोरडा करतो आणि वर मेथीचा वास लागतो तो वेगळाच.

वाळलेली सिगार हातात पडली तर फेकू नका. डब्यात पुडीसोबत ठेवून द्या आणि विसरा, महिनाभर तरी. वरून पाणी शिंपडून ती परत येत नाही, बाहेरचं पान फुगतं आणि आतलं तसंच कोरडं राहतं, मग फाटते.

आता ओढायचं. इथं सगळ्यात जास्त चुकतात ते बिडीवाले, आणि त्यांचा दोष नाही. बिडीचं तेंदूपान असं असतं की दम मारत राहिलं नाही तर विझते, त्यामुळं हाताला आणि छातीला सवय लागलेली असते, ओढ-ओढ-ओढ. सिगारला तो वेग दिला की दहा मिनिटात तापून बसते आणि माणसाला घाम फुटतो. साधारण मिनिटाला एक झुरका, तो पण तोंडात घ्यायचा, घोळवायचा, सोडायचा. खाली उतरवायचा नाही. सिगारच्या धुराचा गुण सिगारेटपेक्षा वेगळा, क्षारीय असतो, त्यामुळं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं. म्हणजे आत ओढली नाही तरी लागते, आणि आत ओढली तर लागतेच पण उलटी पण होते. भल्याभल्या रोज पाकीट संपवणाऱ्या लोकांना भिंत धरून बसलेलं बघितलंय.

म्हणून उपाशीपोटी नाही म्हणजे नाही. आमच्या संभाजीनगरचं नान खलिया पोटभर खाल्लंय, वर आराम झालाय, मग बसा. शेजारी पाणी आणि गुळाचा खडा. गरगरायला लागलं, तळहात गार पडले की सिगार बाजूला ठेवायची, गूळ किंवा गोड चहा घ्यायचा आणि गप बसून राहायचं, वीस-तीस मिनिटात उतरतं. पूर्ण संपवलीच पाहिजे असं काही नाही. शेवटचा तिसरा भाग तसाही सगळ्यात जहाल असतो, नव्या माणसानं तिथवर जायचंच नाही.

कापायची कुठं? बंद बाजूला पानाचीच छोटी टोपी चिकटवलेली असते, तिची खालची रेघ नीट बघितली तर दिसते. त्या रेघेच्या वर, दोन मिलीमीटरच्या आत कापायचं. रेघेच्या खाली गेलात की वरचं पान साडी सुटावी तसं सुटत जातं. साधा दोन पात्यांचा कटर बास आहे. दातानं तोडणं सिनेमात ठीक.

पेटवायला गॅसचा, म्हणजे ब्युटेनचा लायटर. पेट्रोलचा लायटर नको, वास शेवटपर्यंत जात नाही. मेणबत्ती, देवघरातली समई, किचनचा गॅस, हे सगळे प्रकार लोकांनी केलेत, नका करू. काडीपेटी चालते पण काडीचा मसाला पूर्ण जळू द्या आणि मग लाकडाची ज्योत वापरा, दोन-तीन काड्या लागतील. ज्योत सिगारला टेकवायची नाही, थोडी खाली धरून सिगार फिरवत राहायची, कडेपासून काळी व्हायला लागली की मग हलके झुरके. फुंकर मारून बघा, निखारा सगळीकडं सारखा दिसला पाहिजे.

राख सारखी झटकायची नाही. चांगल्या सिगारची राख इंचभर तरी टिकून राहते, ती निखाऱ्याला जरा गार ठेवते. विझली तर लाज नाही, राख काढा, आतला शिळा धूर एकदा बाहेर फुंका आणि परत पेटवा. पण संपल्यावर सिगारेटसारखी चिरडू नका, तशी चिरडली की असला वास सुटतो की घरातले तुम्हाला पण बाहेर काढतील. तशीच ठेवली की आपोआप विझते.

कुठली घ्यायची हा प्रश्न सगळे आधी विचारतात, मी मुद्दाम मागं ठेवला. साइज दोन आकड्यात असतो, लांबी इंचात आणि जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात. ५ बाय ५० म्हणजे रोबस्टो, पाच इंच लांब आणि साधारण दोन सेंटीमीटर जाड, पाऊण ते एक तास चालते. नव्या माणसाला ही नाहीतर याहून छोटी. एकदम बारीक सिगार सोपी वाटते पण घाईनं ओढली की लवकर तापते. वरचं पान फिक्कट, कनेक्टिकट शेड म्हणतात, कापडाच्या सावलीखाली वाढवलेलं, हे सौम्य असतं. डॉमिनिकन रिपब्लिकची मकानुडो कॅफे यातलीच, सुरुवातीला चांगली. काळी दिसली म्हणजे कडक असं पण नसतं, माडुरो म्हणजे गडद पानाची सिगार काळी असून गोडसर लागते. कडकपणा आतल्या पानावर, झाडाच्या शेंड्याची पानं सगळ्यात जोरदार.

आणि कोहिबा, कोहिबा करू नका. हा क्युबाचा नावाजलेला ब्रँड, म्हणून जगात सगळ्यात जास्त नकली माल याच नावानं फिरतो. काचेच्या झाकणाच्या बॉक्समध्ये कोहिबा कुणी दाखवली तर ती खोटी, क्युबावाले तसा बॉक्स काढतच नाहीत. अमेरिकेनं १९६२ पासून क्युबाच्या मालावर बंदी घातल्यामुळं त्या नावाला जास्तच भाव आलाय असं माझं मत. निकाराग्वा, होंडुरासचा माल पैशाला जास्त इमानदार आहे. अख्खा बॉक्स घेऊ नका, सुट्ट्या घ्या, वेगवेगळ्या.

बसायचं कुठं? कूलरसमोर नाही, पंख्याखाली पण नाही, वाऱ्यानं एकच बाजू जळत जाते. हॉटेल, बसस्टँड, ऑफिस, सगळीकडं २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड. घरात बारकी पोरं असतील तर गच्चीवर, आणि खरं तर डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा परभणीकडं पारा पाच-सहावर येतो आणि सिगार पण आपोआप सावकाश जळते. हुरड्याला शेतात घेऊन जाणारे पण आहेत. जा, पण सोयाबीनच्या भुसकटापासून आणि बांधावरच्या वाळल्या गवतापासून लांब बसा, कारण ती इंचभर राख पडते तेव्हा तिच्यासोबत निखारा पण पडू शकतो, आणि गंजी पेटल्यावर शेतमालक तुमचा सख्खा साडू असला तरी पुढच्या वर्षी हुरड्याचं बोलावणं येत नसतंय.