तुम्ही विचारलंत म्हणून: धूळ कशी कळकते

"सर, गंज तं पाण्यात विरघळत नाही. मग गाडीतून धुळीत आलेलं लोखंड हवेत कसं काय विरघळते?" नागपूरला शंकरनगरच्या आमच्या बाकावर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्याची ही शिक्षा.

बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तेच पातेलं पाण्याने भरून ठेवा, फारसं काही होत नाही. पितळेतलं तांबं विरघळायला आंबट लागतं. धुळीतल्या धातूंचंही तसंच.

गाडीतले धातू काही फक्त सायलेन्सरमधून येत नाहीत. ब्रेक घासले की लोखंड, तांबं, अँटिमनी. टायर झिजला की झिंक. इंजिन ऑइल जळलं की पुन्हा झिंक. (पेट्रोलमधलं शिसं मात्र २००० साली गेलं.) यातलं लोखंड बहुतेक ऑक्साइड, म्हणजे गंजाचंच भावंड.

मग हवेत आंबट कुठून? कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, त्यातून सल्फर डायऑक्साइड. गाड्यांमधून नायट्रोजनचे ऑक्साइड. त्यांचं आम्ल होऊन ते बारीक कणावर बसतं. कणावर पाण्याचा नुसता पापुद्रा असतो, त्यामुळे आम्ल पातळ होतच नाही. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), २-३ पर्यंत उतरू शकतो. पावसाचा थेंब त्यापुढे अगदीच मवाळ. त्यात हवेतलं ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाला चिंचेसारखं धरून बाहेर ओढतं. ऊन पडलं की लोखंडाचं फेरिक रूप बदलून फेरस होतं, ते आणखी सहज विरघळतं. अन् उन्हाला आपल्याकडे काय तोटा!

आपल्या मातीतली चुनखडी हे आम्ल मारते, हे खरं. पण ती धूळ जाडी. बारीक कणांशी तिची गाठ कमीच पडते.

मी कधीकधी प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून गॅलरीच्या कठड्यावर फिरवतो. काळी, केसाळ लव चिकटते. शेजारी लगेच म्हणतात, "पाहा, गाड्यांचं लोखंड!" सगळं नाही हो. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट मुळातच असतं. शिवाय चुंबकाला लागतं ते अजून न विरघळलेलं. विरघळलेलं त्याला सापडतच नाही; ते कठडा पुसलेल्या बादलीच्या पाण्यात असतं. श्वासाबरोबर आत गेलं तर फुप्फुसातल्या ओलाव्यात उतरतं, आणि तिथे लोखंड-तांब्याच्या संगतीने पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात.